मैदान न सोडणारा ढेकळ्या

मी एक जुना ढेकळ्या आहे. हसू नका मित्रांनो, आमच्यात याहून वाईट नावाचे जीव आहेत. मोबाइलवर अजब प्राण्यांच्या झुंजी लावायचा एक खेळ असतो, त्यातला मी एक. बनवणाऱ्यांनी मला लांबलचक परदेशी नाव दिलं होतं, ते सिरसाळा गावात कुणाच्या जिभेवर चढलं नाही. माझं अंग काळं, ओबडधोबड आणि जमिनीला चिकटलेलं. तिथल्या दीपमाला नावाच्या पोरीनं मला पहिल्यांदा पाहिलं आणि ती म्हणाली, "हे तर नांगरटीतलं ढेकूळ हाय." तेव्हापासून मी ढेकळ्या.

मला घडवणाऱ्यांचं तोंड मी कधी पाहिलं नाही. त्यांनी मला जाड पाठ दिली, आखूड पाय दिले आणि हातात जोर द्यायचं मात्र विसरले. मग त्यांनाच कीव आली असावी, म्हणून दोन गुण दिले. पहिला गुण हाकारा. मी हाकारा घातला की समोरच्याचा फटका माझ्यावरच येतो, शेजारचा सोबती सुखरूप राहतो. दुसरा गुण असा, की मला मैदानातून मागं घेतलं तर एका डावात माझं अंग पुन्हा भरून येतं, जखमा बुजतात. त्यासाठी पडद्याच्या कोपऱ्यात 'मागे घ्या' असं एक बटण आहे. हे बटण ध्यानात ठेवा, माझ्या सगळ्या आयुष्याचं दुखणं तिथंच आहे.

सुरुवातीला मला कुणी विचारत नव्हतं. सगळ्यांना आग ओकणारे, वीज पाडणारे जीव हवे असत. मी हाती लागलो की लोक तोंड वाकडं करून मला सोडून देत. मला त्याचं वाईट वाटायचं, उगाच कशाला खोटं बोलू?

मग मी दीपमालाच्या घरात आलो. मोहनराव आणि सरस्वतीबाई दरवर्षी दसरा झाला की टोळीबरोबर ऊस तोडायला लांबच्या कारखान्यावर जात. अभिमन्यू आणि दीपमाला, ही त्यांची दोन लेकरं, शाळेसाठी गावात चुलतीजवळ राहत. चुलती केशरबाई जीव लावणारी होती, पण स्वतःच्याच संसारात बुडालेली. आईबापांचा फोन यावा म्हणून एक जुना मोबाइल घरात ठेवलेला असे. काच तडकलेला तो मोबाइल म्हणजे माझं घर. अभिमन्यूजवळ त्याचा स्वतःचा फोन होता आणि त्यात गोफण्या नावाचा त्याचा लाडका पक्षी होता. गोफण्याचा फटका असा, की समोरचा गडगडायचाच. पण अंग काचेचं. एक तडाखा बसला की तो आडवा.

आमच्या खेळात दोघांनी मिळून जोडीनं लढायचाही एक प्रकार आहे. बहीणभाऊ तोच खेळू लागले.

"माले, टाक ते ढेकूळ. त्याला मारता बी येत न्हाई," अभिमन्यू म्हणाला.

"कावून टाकू?" दीपमाला म्हणाली. "तुज्या गोफण्याला मार सोसत न्हाई, माज्या ढेकळ्याला मार देता येत न्हाई. ह्यो खाईल, तू हान."

"असं कुठं असतंय?"

"फडात असतंय की, दादा. आबा तोडतेत, आई मोळी बांधून डोक्यावर नेती. एकट्याचा कोयता असतो का कधी?"

मित्रांनो, ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. दीपमाला शाळेत जाण्याआधी आईबापांबरोबर फडात, म्हणजे उसाच्या रानात, वाढलेली. जोडीनं काम कसं करायचं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. माझ्यासारख्या टाकाऊ जिवात तिला मोळी बांधणारी बाई दिसली. एवढा मान मला कुणी दिला नव्हता.

मग आमचे दिवस आले. मी हाकारा घालायचो, सगळे फटके पाठीवर घ्यायचो आणि तेवढ्या वेळात गोफण्या समोरच्याला लोळवायचा. गावातली मोठी पोरं हरली, परळीची पोरं हरली. सिरसाळ्याच्या बाजारात पोरं एकमेकांना सांगत, "त्या पोरीचा ढेकळ्या हटतच न्हाई बे." खरं सांगतो, ते ऐकून माझी पाठ आणखी रुंद व्हायची.

पण त्या कौतुकानंच घात केला. मी हटत नव्हतो, कारण दीपमाला मला हटू देत नव्हती. कितीही मार बसला तरी 'मागे घ्या' या बटणाकडे तिचं बोट गेलं नाही. बहुतेक झुंजी मी पडायच्या आत गोफण्या संपवायचा, त्यामुळे ते खपून गेलं. एकदा अभिमन्यूनं तिला हटकलंही.

"आगं, जरा मागं घेत जा त्याला. अंग भरून येतंय त्याचं."

"मधीच सोडून जायचं? खाडा पडंल की," ती म्हणाली.

खाडा म्हणजे कामावर न जाणं. फडात जोडीतला एक बसला की दुसऱ्याचंही काम अडतं, म्हणून खाड्याला सगळे भितात. सरस्वतीबाई एका हंगामात अंगात ताप घेऊन मोळ्या वाहत होती. घरी आल्यावर ती मोठ्या अभिमानानं म्हणाली होती, "पर एक खाडा पडू दिला न्हाई." पोरीनं ते ऐकलं आणि काळजात जपून ठेवलं. जी आई ताप अंगावर काढून उभी राहते, तिच्या लेकीनं आपल्या ढेकळ्याला विश्रांती कशी द्यावी? मला तिचा राग येत नाही. तिनं मला आईच्याच मापानं मोजलं.

त्या वर्षी पावसाळ्यात मोहनरावांच्या गुडघ्यानं पार दगा दिला. उकिडवं बसणंसुद्धा जमेना, मग ऊस कसला तोडणार? सरस्वतीबाई एकटी, म्हणजे अर्धा कोयता. टोळी जमवून नेणाऱ्या मुकादमाला तर पूर्ण जोडीचा शब्द गेलेला होता. घरात अभिमन्यूचं नाव निघालं. नुकताच बारावी झालेला पोरगा, आईबरोबर फडात जाणार. त्या आठवड्यात त्यानं खेळ उघडला नाही.

तेवढ्यात चौसाळ्याहून बातमी आली. तिथं हायवेलगत त्रिंबकभाऊ नावाच्या गृहस्थांनी पोरांसाठी गेम खेळायचं सेंटर काढलं होतं आणि आमच्याच खेळाची, जोड्यांची स्पर्धा ठेवली होती. जिंकणाऱ्या जोडीतल्या मोठ्याला सेंटर सांभाळायला कामावर ठेवणार, असं त्यांनी जाहीर केलं होतं. "मला खेळ कळणारा माणूस पायजे," असं त्यांचं म्हणणं.

मोहनराव लेकराला फडात ढकलायला हौसेनं तयार झाले नव्हते. ते म्हणाले, "जिंकून काम लागलं तर मी मुकादमाच्या पाया पडतो, माज्या चुलतभावाला जोडीला लावतो, त्याची मजुरी अभीच्या पगारातनं भागवू. न्हाई लागलं तर मग अभीला जावंच लागंल."

असा सगळा भार आमच्या जोडीवर आला. माझ्यासारख्या जिवावर एका माणसाचा हंगाम टांगावा, हे मला त्या वेळी फार थोर वाटलं. आता वाटतं, असा भार कुणावर येऊच नये.

चौसाळ्याला आम्ही झुंजीमागून झुंज जिंकत गेलो. शेवटची झुंज दिंद्रुडच्या रविराज आणि हरिओम या जोडीशी होती. रविराजचं घर बागायतदार, फोन नवाकोरा, पण पोरगा खेळात पक्का, हे मान्य करावं लागेल. त्याच्याकडे डोंगरवाघ नावाचा आडदांड जीव होता. हरिओमचे जीव आम्ही लवकर लोळवले. शेवटी समोर एकटा डोंगरवाघ उरला. आमच्याकडे गोफण्या होता, मी होतो आणि माझ्यामागं, मैदानाबाहेर, दीपमालाची एक लहानशी राखीव बेडकी बसून होती. गोफण्याचे आणखी दोन फटके बसले असते तर वाघ संपला असता. माझ्या अंगात मात्र एका फटक्यापुरताही जीव उरला नव्हता.

अभिमन्यू शेजारीच बसला होता. तो हळूच म्हणाला, "माले, ऐक. मी ह्या डावाला गोफण्याला आभाळात लपवतो. तू ढेकळ्याला मागं घे, बेडकी पुढं कर. बेडकी पडंल, पडू दे. तवर ढेकळ्या भरून निघंल. मग त्यो परत येऊन हाकारा घालंल आन मी हानतो."

किती सरळ गोष्ट होती. मी पडद्याच्या आतून ते बटण पाहत होतो. मला बोलता येत असतं तर मी ओरडलो असतो.

"त्यो उभा हाय अजून," दीपमाला म्हणाली.

"उभा हाय, पर संपलाय त्यो. घे मागं."

"त्यानं कधी मैदान सोडलं न्हाई, दादा."

खेळात विचार करायला मोजका वेळ मिळतो. तिचं बोट बटणापर्यंत गेलं, थांबलं आणि हाकाऱ्यावर पडलं. मी हुकमाचा ताबेदार. अभिमन्यूनं गोफण्याला आधीच आभाळात लपवलं होतं, त्यामुळे तो डाव त्याच्या फटक्याविना गेला. मी हाकारा घातला, वाघ माझ्यावर आला आणि मी पडलो. नंतर बेडकी पुढं आली. तिला हाकारा येत नव्हता. गोफण्यानं खाली झेपावून एक फटका दिला, पण वाघ एका फटक्यात संपणारा नव्हता. त्यानं गोफण्याला गाठलं. पुढं बेडकीचं काय झालं, ते सांगायला नको.

रविराज जिंकला. त्याला खरं तर कामाची गरज नव्हती, म्हणून त्याच्या जागी हरिओम कामाला लागला. तोही गरजूच होता, त्याच्या वाटचं त्याला मिळालं.

परतताना अभिमन्यू रागावला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "लई चांगली खेळलीस तू."

दसरा झाला आणि टोळी निघाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, पत्रे आणि त्यावर आईशेजारी अभिमन्यू. मोहनराव दारात खाटेवर बसून राहिले, लेकाकडे त्यांना बघवेना. दीपमालानं त्या दिवसापासून मला उघडलं नाही. मोबाइल फक्त फोन घ्यायला हातात येई. पूर्वी लोक मला टाकून देत, त्याचं मी मनाला लावून घ्यायचो. पण ज्यानं जीव लावला त्यानं पाठ फिरवली की कसं वाटतं, ते मला तेव्हा कळलं.

थंडी सरत आली तेव्हा सरस्वतीबाईचा फोन आला. अभिमन्यूचं मनगट सुजलं होतं. कोयत्याची मूठसुद्धा धरवत नव्हती, तरी तो फडकं गुंडाळून रोज तोडत होता. "लई सोशीक हाय पोरगं, एक खाडा न्हाई त्याचा," ती म्हणाली. आवाजात अभिमान होता की रडू होतं, ते तिलाही कळलं नसावं.

फोन ठेवून दीपमालानं खेळ उघडला. कुणा अनोळखी माणसाशी झुंज लावली, जोडीला कुणीच नव्हतं. मी मार खाल्ला, अंग उतरलं आणि तिनं ते बटण दाबलं. मी मैदानाबाहेर आलो. माझ्या जखमा बुजल्या, पाठ पुन्हा भरली. इतक्या वर्षांत मला हे सुख पहिल्यांदाच मिळालं, आणि मला ते नकोसं झालं. कारण पडद्यावर पाणी पडत होतं. "एवढंच करायचं होतं," ती म्हणत होती, "एवढंच."

मग तिनं भावाला फोन लावला.

"दादा, बस आता. मनगट बरं होईस्तोवर जाऊ नको."

"मी बसलो तर आई एकटी पडती, माले."

"मुकादमाला सांग की."

"सांगितलं. त्यो म्हणतो, उभा हायस की अजून." अभिमन्यू हसला आणि तिकडून कुणीतरी हाक मारली म्हणून त्यानं फोन ठेवला.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मी फोनमधला जीव, पडलो तरी पुढच्या झुंजीत उठतो. पण तुमच्या घरात, रानात, वर्गात जो मुकाट्यानं उभा आहे, तो दमलेला नाही असं समजू नका. त्याचं कौतुक करण्याआधी त्याला बसवा. माझ्यासाठी पडद्याच्या कोपऱ्यात एक बटण आहे. अभिमन्यूचं बटण कुणाच्या हाताखाली आहे, ते मला अजून सापडलेलं नाही. तुम्ही मोठे व्हाल तेव्हा ते तुमच्याही हाताखाली असेल. तेव्हा बोट थांबवू नका, दाबा.