पटावरची काशम्मा

प्रार्थना संपली, मुले वर्गात बसली. मंद्रूपजवळच्या त्या शाळेत राजनंदिनीबाई सातवीची हजेरी घेऊ लागल्या. काशम्माचे नाव येताच तिची सोबतीण मेहनाज म्हणाली, "येतीय की बाई. वाटंतच हाय."

बाईंनी मान वर न करता हजेरी लावली.

वीटभट्टीवर कर्नाटकातून आलेल्या मुलांसाठी 'सोबती' योजना बाईंनीच सुरू केली होती. नव्या मुलाला गावातले एक मूल जोडून द्यायचे. त्याने मराठी शिकवायचे, जेवताना शेजारी बसवायचे. ज्या जोडीची हजेरी पूर्ण, तिचे नाव फळ्यावर. तेरा वर्षांची काशम्मा सुरुवातीला तोंडच उघडत नसे. पोरे चिडवत, "ए वीट, बोल की!" मेहनाज अंगावर धावून जाई. "तुला येतं का रं कन्नड? हिला आता दोन भाषा येत्यात!" संक्रांतीपर्यंत काशम्मा मराठीतून भांडायला लागली, तेव्हा मेहनाजला कोण आनंद झाला होता.

पण भट्टीवर कच्च्या विटा पालटायला पोरेच लागतात. मोठ्या माणसाच्या वजनाने वीट दबते. सकाळी ते काम उरकेपर्यंत काशम्माला उशीर होई. "नाव कापलं तर अप्पा मला पुन्हा धाडणार न्हाय," ती बापाच्या धाकाने म्हणाली होती. म्हणून मेहनाज तिच्यासाठी ओ देऊ लागली. पुढे काशम्मा यायचीच थांबली, तरी ओ थांबली नाही. भट्टीवर विचारायला गेले की तिची आई शिवबाई सांगे, "ताप हाय." मेहनाजला ते खरेच वाटे.

असे सतरा दिवस गेले. अधिकारी भेटीला येणार म्हणून बाईंनी पटावरून काशम्माचे नाव घेऊन तिला धडा वाचायला उभे राहायला सांगितले, तेव्हा मेहनाज रडू लागली आणि तिने सगळे सांगून टाकले.

बाई आणि मेहनाज भट्टीवर गेल्या. शिवबाई चिखल तुडवत होती.

"दिली की बाई तिला. आठ दिस झालं. दुधनीकडं. पोरगा ऊसतोडीला जातो."

"तेरा वर्षांची आहे ती, शिवबाई!"

"व्हय. पर आमी दोगं कामावर, खोपीला दार न्हाय. वयात आलेली पोर कुटवर राखू? तुमी राखता?"

"मला सांगायचं की वो, मावशी," मेहनाज हुंदके देत म्हणाली.

शिवबाई खाली बघू लागली. "तुला भेटाया लई रडली. म्याच सोडली न्हाय."

शाळेत मुख्याध्यापकांनी दार लोटून घेतले. "मॅडम, लग्नाच्या दिवशी ती मुलगी आपल्या पटावर हजर आहे. सासरचे हाच पट दाखवून लग्न झालंच नाही म्हणतील. वर तुमची नोकरी जाईल. त्यापेक्षा गावी परतली म्हणून नाव कमी करू. ही मुलं येतात, जातात. कोण विचारतंय?"

खरेच, कुणी विचारले नव्हते. बाईंनीही नाही. समोरची जागा सतरा दिवस रिकामी होती, आणि फळ्यावर त्या जोडीचे नाव होते.

त्यांनी वर्गात येऊन कागद ओढला आणि पोलिसांना अर्ज लिहिला. पहिलेच वाक्य होते : सतरा दिवसांची हजेरी खोटी आहे आणि ती मी लावली आहे.

"बाई, ओ मी दिली. माजं नाव लिवा," मेहनाज म्हणाली.

"तू मैत्रीण होतीस गं. शिक्षिका मी होते."

ठाण्यात हवालदाराने अर्ज दोनदा वाचला. "बाई, हे देऊन तुमीच अडकताय की. कळतंय न्हवं?"

"कळतंय," बाई म्हणाल्या. "आधी तिच्या सासरचा पत्ता लिहून घ्या."