तीस पेशींचा ताल

खेकड्याच्या पोटाशी राईएवढी एक गाठ असते. जेमतेम तीस पेशींची. खाल्लेलं दळायचं, पुढे ढकलायचं, एवढंच तिचं काम. पण देवाने ताल असा पक्का दिलाय, की मेंदूच्या तुकड्यासकट गाठ काढून थंड खाऱ्या पाण्यात ठेवली तरी ठोके चालूच. मी मदतीला असते त्या प्रयोगशाळेत तार लावली की स्पीकरवर ऐकू यायचे. टक, टुक, टप. टक, टुक, टप.

सोमवारी तिथल्या संशोधक मॅडमनी मेंदूकडून तिच्याकडे येणारी नस कापली आणि स्पीकर मुका झाला.

"संपलं?" मी विचारलं.

"थांबा हो मावशी! तीन-चार दिवसांनी ताल आपला आपण सुरू होतो का, तेच तर बघायचंय. तुम्ही फक्त पाणी बदलत राहा."

आमचे हे जाऊन आठ महिने झाले. रोज सकाळी देवापुढे हे स्तोत्राची एकेक ओळ म्हणायचे, मी मागून म्हणायचे. आता हात जोडले जातात, आवाज फुटत नाही. बहीण फोनवर म्हणते, "अगं, एकटीने म्हण की! देव काय बहिरा झालाय?"

"देव नाही गं. पण सुरुवात मी कधी केलीच नाही."

गुरुवार उजाडला, तरी स्पीकर गप्प. मॅडम यायच्या होत्या. गाठ जागी करणारं औषध फ्रिजमध्ये होतं. माझ्याने राहवेना. दोन थेंब टाकले.

टकटुकटप, टकटुकटप! धावत सुटल्यासारखे. माझे डोळे वाहू लागले.

एवढ्यात मॅडम आल्या. "मावशी! सुरू झाला! स्वतःहून!"

त्यांचा तो चेहरा बघून जीभ अडखळली. पण खोटं पचलं नसतं. "नाही हो. मी औषध टाकलं."

त्या मटकन खाली बसल्या. "चार दिवसांची मेहनत, मावशी! का?"

"ते गप्प राहणं ऐकवेना."

त्यांनी उठून चार-पाचदा पाणी बदललं, औषध धुऊन काढलं. ठोके मंदावले, विरले, थांबले. अर्ध्या तासाने मॅडमनी तार काढायला हात पुढे केला.

टक.

बऱ्याच वेळाने, टुक. मग टप.

"हा औषधाचा?"

"नसावा," त्या हळूच म्हणाल्या. "पण आता वहीत लिहिता येणार नाही. हा प्रयोग बाद. नवा खेकडा आणते."

त्या गेल्यावर मी स्टूल ओढून बसले. एकेका टपनंतर इतका वेळ जायचा, की वाटे, गेला. त्या रिकाम्या जागेत ह्यांची ओळ बरोब्बर बसली असती. वाट पाहिली. मग पहिला शब्द मीच उचलला, आणि थांबले, मागून कुणी म्हणेल म्हणून.