शहाण्णव पानांनंतरची राणी

"काका, हे पुस्तक शिवताना तुमचा डोळा लागला होता का?"

प्रश्न नम्रताचा नव्हता. टमटममधून उतरता उतरता मेघा आणि पदू या मैत्रिणींनी पैज लावली होती, की हिंमत असेल तर अस्संच विचारायचं, एक शब्द बदलायचा नाही. आणि गेल्या वर्षापासून 'हिंमत असेल तर' एवढं कानावर पडलं की नम्रताच्या अंगात वारं शिरायचं. तेव्हा कर्जतच्या बाजारपेठेतल्या त्या बोळाएवढ्या दुकानात, खळीच्या आंबूस वासात उभं राहून तिने खणखणीत आवाजात विचारून टाकलं. मागे दोघी फिस्सकन हसल्या.

बाइंडर आबाजींनी हातातलं दाभण खाली ठेवलं. चष्मा कपाळावर चढवला.

"डोळा? अगं, हितं पाय पसरायला जागा नाय, डोळा कुठं लागतोय! कुनाची गं तू?"

"भिवपुरीच्या पॉवर हाउसच्या क्वार्टर्समधली. हे आमच्या क्लबच्या वाचनालयाचं पुस्तक. तुम्हीच बांधलंय ना?"

आबाजींनी तपकिरी रेक्झिनवरून अंगठा फिरवला. मुलीला ताप आहे की नाही हे आईने कपाळावर हात ठेवून ओळखावं, तसं ते म्हणाले, "माझंच हाय. लई जुनं. काय झालं त्याला? टाके सुटले?"

टाके सुटले असते तर बरं झालं असतं.

झालं होतं असं. येत्या शनिवारी खालापूरला 'माझं आवडतं पुस्तक' अशी भाषण स्पर्धा होती आणि नववीतून नम्रताचं नाव गेलं होतं. भाषणाची तयारी म्हणून तिने लहानपणची सगळी पुस्तकं पुन्हा काढली. 'वीजपंखी'ची चित्रकथा तर तिने एकेकाळी पाठ केली होती. आता बघते तो काय, वीजपंखी दर तिसऱ्या पानावर संकट सोडून स्वतःचीच ओळख करून देतोय! राक्षस बिचारा थांबून ऐकतोय! जादूच्या बेटाची कादंबरी काढली, तर जी गुहा तिला आठवडाभर पुरली होती ती दीड पानात संपली. सगळी पुस्तकं जुन्या फ्रॉकसारखी आखूड झाली होती. एकच तेवढं तसंच राहिलं होतं. 'जलग्रहाचा पहारेकरी'.

त्यात रोहक नावाचा मुलगा. पाण्याने भरलेल्या ग्रहावर, समुद्राच्या तळाशी, एका पंपघरात एकटाच राखण करतोय. पंपाशिवाय बोलायला कुणी नाही, म्हणून त्याचा आवाजच गेलाय. एक दिवस बाहेरून झडपेवर टकटक होते. तो घाबरतो, आणि शहाण्णवाव्या पानाच्या तळाशी लिहिलंय, 'त्याने झडप उघडली आणि'. समोरच्या सत्त्याण्णवाव्या पानावर, 'राणीने मागे वळून पाहिलं.' मग पुढे सगळी राणीच. नऊ दारांचा महाल, तिच्या एका हाकेला थांबणारं सैन्य. रोहकचं नाव पुन्हा निघत नाही.

चौथीतल्या नम्रताला ते लख्ख कळलं होतं. रोहकच राणी झाला. झडप उघडली की माणूस पलीकडे दुसरंच कुणीतरी होऊन निघतं. ही नम्रता म्हणजे हजेरीला 'हजर' म्हणताना जिचा आवाज बाकाखाली घरंगळायचा ती. आठवीच्या गॅदरिंगला निवेदन करणारी मुलगी तापाने आली नाही आणि बाईंनी हिलाच पुढे ढकललं, तेव्हा पडद्यामागे ती मनात एवढंच म्हणाली होती, 'झडप उघड.' पडदा सरकला आणि पलीकडे राणी उभी! त्या दिवसापासून तिचं तोंड बंद करणं खुद्द मुख्याध्यापकांनाही जमलं नव्हतं.

हेच सगळं भाषणात होतं. सोमवारी मधल्या सुट्टीत तिने ते मैत्रिणींना म्हणून दाखवलं. मेघाने मोहोपाड्याच्या आपल्या आतेभावाला, केतनला, कळवलं. त्याच्याकडे म्हणे हेच पुस्तक होतं. आणि संध्याकाळी त्याने पानांचे फोटोच पाठवले. 'त्याने झडप उघडली आणि', पुढचं पान, 'समोर फक्त पाणी होतं.' मग एक होडी येते, रोहकला घरी नेते, त्याला पदक देतात. संपलं.

"राणी कुठंय गं?" पदूने विचारलं होतं. "तूच घुसवलीस ना भाषणासाठी?"

नम्रताच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. म्हणून ती आज इथे.

आबाजींनी पुस्तक उघडलं, मधोमध दोन्ही अंगठे रोवून शिवण ताणली, कागद उजेडाला धरला. मग हळूच "आरं देवा" म्हणाले.

"काय झालं?"

"बघ. हिथवर कागद पिवळा, हिथनं पुढं करडा. दोन येगळी पुस्तकं हायत ही." त्यांचा चेहरा पडला होता. "तुमच्या क्लबातनं गठ्ठा यायचा. कव्हरं गेलेली, फर्मे, म्हंजे पानांच्या जुड्या, सुटलेल्या. मी काय गोष्ट वाचीत बसत नाय पोरी, मी पानाचे नंबर बघतो. दोन्हीचा आकार एकच, जाडी एकच. शहाण्णवच्या मागं सत्त्याण्णव लागला, की झालं! नंबर बरोबर लागला, मानूस चुकला."

मेघा ओरडली, "म्हणजे ही खोटं नाय बोलली!"

"खोटं मी बोललो," आबाजी म्हणाले आणि त्यांनी सुरी उचलली. "आन हिकडं. आत्ता उसवतो. ह्याचं अर्धं दुसऱ्या कुठल्या पुस्तकात गेलं असंल, ते क्लबातच पडलं असंल, ते पन घेऊन ये. दोन्ही बरोबर करून देतो. पैसे नकोत. माझ्या हातची चूक माझ्या डोळ्यांपुढं नको."

सुरीचं टोक पहिल्या टाक्याखाली गेलं.

"थांबा!"

नम्रताने पुस्तक असं हिसकावलं की खळीचा डबा डगमगला. आबाजी बघतच राहिले. नम्रताही बघत राहिली, स्वतःच्याच हातांकडे. पुस्तक चुकीचं आहे, हे आता तिला ठाऊक होतं. मग दुरुस्त करू द्यायला काय हरकत होती? एरवी शब्दांचा धबधबा असलेली नम्रता "सांगते मग" एवढं पुटपुटून बाहेर पडली.

टमटममध्ये पदू म्हणाली, "पैज जिंकलीस, तोंड का पाडलंयस?"

"पदे, जी गोष्ट कुणी लिहिलीच नाही, ती मी वाचली कशी गं?"

"मला नको विचारू. माझं डोकं गणितातच दुखतं."

नम्रताला मात्र त्याच्याही पुढचं दुखत होतं. रोहक राणी झालाच नसेल, तर त्या दिवशी पडद्यामागून बाहेर कोण आलं होतं? पानांचे नंबर जुळले म्हणून उभी राहिलेली राणी शनिवारी खालापूरच्या स्टेजवर टिकेल का?

घरी बाबा ड्यूटीवरून येऊन चहा पीत होते. आई वाल निवडत होती. नम्रताने एका दमात सगळं सांगितलं.

"त्यात विचार कसला?" बाबा म्हणाले. "उद्या नेऊन दे आबाजींना. बरोबर पुस्तक वाच, बरोबर भाषण कर. चुकीची जोडणी ती चुकीची. आमच्याकडे अशी वायर जोडली ना, तर अर्धा तालुका अंधारात जाईल."

"पण बाबा, माझा तर दिवा लागला ना!"

आईने वालाचं ताट बाजूला सरकवलं.

"नमे, त्या दुसऱ्या पुस्तकाचं नाव 'नऊ दारांची राणी' का गं?"

"तुला कसं माहीत?"

"लग्न होऊन क्वार्टर्समध्ये आले तेव्हा क्लबातून आणलेलं. राणीची एक दासी असते. दिवसभर नुसत्या हाका. एक दिवस ती नववं दार ढकलते आणि पलीकडे नुसतं पाणी! पुढे दासी नाही, राणी नाही. एक पोरगा नावेत बसून घरी चाललाय." आई थोडी लाजली. "मला वाटलं, दासी सुटली. पोरगा होऊन घरी निघाली. इतकं बरं वाटलेलं... पण मी कुणाला बोलले नाही. म्हटलं, आपल्यालाच नीट कळलं नसेल."

"छाया, हे तू मला कधी बोलली नाहीस," बाबा म्हणाले.

"तुम्ही विचारलंत का कधी?"

एकाच बाइंडरच्या एकाच चुकीने या घरातल्या दोघींना दोन दारं उघडून दिली होती, आणि एक जण इतकी वर्षं गप्प बसली होती. डोक्यातला गुंता सुटला नव्हता. गोष्ट कोणाची, चूक कोणाची, राणी खरी की खोटी, काही काही कळत नव्हतं. पण हात मघाशी दुकानात का पुढे गेले, ते कळल्यासारखं वाटलं.

"परीक्षक म्हणाले, असं पुस्तकच नाही, तर?" बाबांनी सावकाश विचारलं. "बक्षीस हातचं जाईल, नमू. लोक हसतील."

नम्रता पाटावर चढून उभी राहिली. गरज नव्हती, पण चढली.

"ऐका दोघंही. मी ठरवलंय. दोन्ही पुस्तकं उसवायची नाहीत, मी आबाजींना उद्या तसं जाऊन सांगणार. शनिवारी मी हेच पुस्तक घेऊन जाणार, आणि कसं बांधलं गेलं तेही पहिल्याच वाक्यात सांगणार. बक्षीस गेलं तर गेलं. आणि आई, तू पहिल्या रांगेत बसायचंस, कारण तुझी दासी पण मी भाषणात घेतेय."