पिशव्यांपाशी कोण बसणार?

गाडी सिल्वासाच्या बाहेर पडायच्या आधीच मंगलाबाईंचं डोकं तापलं होतं. उन्हाच्या आत निघायचं ठरलं होतं, म्हणून त्या अंधारात उठल्या, आंघोळ उरकली, ठेपले बांधले आणि पायात चपला घालून सोफ्यावर बसून राहिल्या. आणि निघाले कधी? उन्हं पार अंगणात उतरल्यावर. नात अमृता, तिचे केस सुकत नव्हते. सून केतकी, तिला गॅस बंद केलाय की नाही हे बघायला दोनदा घरात जायचं होतं. आणि मुलगा अभिजीत, तो गाडीत बसूनही गलोंड्याच्या कारखान्याशीच बोलत होता. तिथलं कुठलंसं मशीन बंद पडलं होतं.

"मशीनलासुद्धा आजचाच मुहूर्त सापडला," मंगलाबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या.

"आई, हळू. फोन चालू आहे."

"फोन कधी बंद असतो?"

जायचं होतं घोडमाळच्या किल्ल्यावर. किल्ला लहानसाच. राजवाडा कधीच पडला, तटही जागोजागी ढासळला, पण दरवाजावरचा नगारखाना तेवढा शाबूत राहिला. दोन बुरुजांच्या मध्ये उंच कमान आणि कमानीच्या डोक्यावर पाच खिडक्यांची दगडी माडी. राजाची स्वारी निघाली, मोठा पाहुणा आला, सण उजाडला, की या माडीतून नगारा झडायचा आणि खालची सगळी गावं कान टवकारायची. हे सगळं मंगलाबाईंना तोंडपाठ होतं. सिल्वासाच्या मराठी शाळेत त्यांनी तीस-एक वर्षं मुलांना ते शिकवलं होतं. दर हिवाळ्यात शाळेची सहलही तिथेच जायची, कारण दिवस मावळायच्या आत परत येता येईल असा किल्ला तोच.

आणि एवढ्या वर्षांत मंगलाबाई नगारखान्यावर एकदाही चढल्या नव्हत्या.

त्याला कारण माकडं. घोडमाळच्या माकडांसमोर पिशवी एकटी सोडायची सोय नाही. वर जाणारा जिना भिंतीच्या पोटातून, जेमतेम एका माणसापुरता, त्यामुळे सामान घेऊन चढताही येत नाही. म्हणून दरवाजासमोरच्या चौथऱ्यावर पिशव्या ठेवायच्या आणि पिशव्यांपाशी कुणीतरी बसायचं. ही तिथली रीतच पडून गेली होती. ते कुणीतरी म्हणजे मंगलाबाई.

पहिल्यांदा त्या गेल्या लग्नाच्या वर्षी. कोकणातून नुकत्या इकडे आलेल्या, हातातला चुडाही नवा. बरोबर सासूबाई होत्या, केसरबाई. त्यांना दम लागायचा. नवरा, नारायणराव, म्हणाले, "तू बस ग आईजवळ. मी जाऊन येतो पटकन." ते आले तेव्हा मंगलाबाईंनी विचारलं, "काय आहे हो वर?" तर म्हणे, "काही नाही ग. नुसता वारा." दुसऱ्या खेपेला अभिजीत मांडीवर होता. पुढे शाळेच्या सहली. मुख्याध्यापक मुलांना घेऊन वर जायचे आणि मंगलाबाई डब्यांच्या ढिगाऱ्याशी बसायच्या, शेजारी पोट दुखणाऱ्या दोन-तीन मुली. मुलं उतरली की त्या प्रत्येकाला विचारायच्या. एक म्हणे समुद्र दिसला. एक म्हणे दमणचा दीपस्तंभ दिसला. किलवणीच्या एका पोराला तर स्वतःचं घर दिसलं होतं, दारात म्हैस बांधलेली. मुख्याध्यापक म्हणायचे, मधल्या खिडकीतून नदीचं वळण दिसतं. तेच बरं वाटलं म्हणून मंगलाबाई वर्गात तेच सांगत आल्या.

आता बातमी आली होती की पुढच्या महिन्यापासून जिना दुरुस्तीसाठी बंद. उघडणार कधी, कुणालाच ठाऊक नाही. मंगलाबाईंचे गुडघेही तोवर थांबणार नव्हते. म्हणून पंचाहत्तरीला काय हवं असं घरात विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "साडी नको, जेवण नको, हॉल नको. मला एकदा त्या नगारखान्यावर चढायचंय." सगळे हसले होते, आणि हो म्हणाले होते.

गाडी पायथ्याशी लागली तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. चढ फार नव्हता, पण मंगलाबाईंनी तो चार ठिकाणी टेकत पार केला. दरवाजासमोर आल्यावर त्यांनी मान वर केली. पाच खिडक्या तशाच. मधलीच्या डोक्यावर पिंपळाचं रोपटं उगवलेलं, एवढाच फरक.

"आई, तुम्ही जरा सावलीत बसा," केतकी म्हणाली आणि हातातली पिशवी चौथऱ्यावर ठेवली. "वर गर्दी दिसतेय. आम्ही बघून येतो. मग तुम्हाला सावकाश नेते."

"अग, पण मी आलेय कशाला?"

"नेते ना. मग नेते. पाचच मिनिटं." केतकीने पाठोपाठ कॅमेऱ्याची बॅग, चिकूंची पिशवी आणि स्वतःची पर्स ठेवली. अमृताने पाठीवरचं दप्तर त्यांच्या हातातच कोंबलं. "आजी, यात माझा चार्जर आहे हां, लक्ष ठेव." अभिजीतने काही ठेवलं नाही. तो कानाला फोन लावून तसाच जिन्यात शिरला.

'मग' ऐकून मंगलाबाईंच्या कपाळाची शीर उडायला लागली. आयुष्यातल्या किती गोष्टी त्यांनी या 'मग'वर टाकून दिल्या होत्या! तरी त्या बसल्या. बसायची सवय अशी वाईट, की चौथऱ्यावरचा तो गुळगुळीत दगडसुद्धा त्यांना ओळखीचा वाटला.

तेवढ्यात कुठल्याशा कारखान्यातली सात-आठ तरुण मंडळी सहलीला आली. बोलण्यावरून धुळ्या-नंदुरबारकडची वाटत होती. त्यातला एकजण, डोक्याला रुमाल बांधलेला, त्यांच्यापुढे वाकला. "माय, एवढं ध्यान ठेवशील का? आत्ता येतो. भाकरी हायेत त्यात, माकडं सोडायची नाय."

"अरे, मला वर..."

पण तो गेलाही. मागोमाग एक नवरा-नवरी आले, लग्नाआधीचे फोटो काढायला. मुलीच्या अंगावर भरजरी घागरा, मुलगा शेरवानीत घामाघूम. फोटोवाल्याने गुलाबी रंगाची चाकांची बॅग ढकलत आणली. "आंटीजी, बस दो मिनट." मग एक बाई आल्या, त्यांनी न विचारताच लेकरांच्या चपला आणि पाण्याचा जार आणून ठेवला. थोड्या वेळाने मंगलाबाई त्या ढिगात अशा दिसायला लागल्या, की येणाऱ्याला वाटावं सामान ठेवायची अधिकृत जागा हीच. एका गृहस्थाने तर विचारलंही, "इथे टोकन देतात का?"

"देतात," मंगलाबाई म्हणाल्या. "गालावर."

गृहस्थ आपली पिशवी छातीशी धरून निघून गेला.

समोरच्या बुरुजावर एक थोराड माकड येऊन बसलं होतं. शाळेत तपासणीला आलेल्या साहेबासारखं ते एकेका पिशवीवरून नजर फिरवत होतं. मंगलाबाईंनी काठी आपटली. त्याने मान खाजवली.

"आजी! ए आजी!" वरून हाक आली. मधल्या खिडकीतून अमृता हात हलवत होती. मंगलाबाईंनीही हात हलवला. इतकी वर्षं त्या तेच करत आल्या होत्या. वरच्यांनी हात हलवायचा, खालचीने हलवायचा.

"आजी, पाण्याची बाटली वर फेकशील? जमेल?"

मंगलाबाई वर बघत राहिल्या. मग केतकीचा आवाज आला, "आणि आई, चिकू संपवू नका हां, माझ्यासाठी ठेवा!"

मंगलाबाई उठल्या. पदर कमरेला खोचला, काठी घेतली आणि मागे वळूनसुद्धा न बघता जिन्याच्या दारात शिरल्या.

आत अंधार, वटवाघळांचा उग्र वास आणि गुडघ्याइतक्या उंच पायऱ्या. एक हात भिंतीवर, एक काठीवर. डावा पाय ठेवायचा, उजवा ओढायचा. मध्यावर पोचल्या असतील-नसतील, तोच वरून उजेड अंगावर आला. मोबाईलचा दिवा घेऊन अभिजीत उतरत होता.

"आई? तू इथे काय करतेस?"

"चढतेय."

"अग, पण आम्ही उतरतोय! खाली हो, आम्ही सगळे बाहेर आलो की नेतो तुला."

"मागे हो."

"मागे कुठे होऊ? मागे केतकी आहे, अमृता आहे, त्यांच्यामागे ती पिकनिकची सगळी पोरं आहेत. एका माणसापुरता जिना आहे, आई!"

"तो एक माणूस मी."

"आई, पिशव्या?" वरच्या वळणावरून केतकीचा घाबरा आवाज आला. "पिशव्यांपाशी कोण बसलंय?"

"माकड बसलंय. मोठं आहे, जबाबदार दिसतं."

"अहो आई! माझी पर्स!"

"हट्ट काय हा तुझा," अभिजीत दबक्या आवाजात म्हणाला. "लोक ऐकतायत. तू आधी खाली उतर, मी शब्द देतो..."

"तुझ्या वडिलांनी दिला होता शब्द. तुमच्या मुख्याध्यापकांनी दिला होता. तू पाचवीत असताना याच जिन्याच्या तोंडाशी म्हणालास, आई, मी बघून येतो, मग तू जा. बघून झालं ना तुझं? चार वेळा झालं. आता मी इथून एक पायरीसुद्धा खाली उतरणार नाही. उचलून न्यायचं असेल तर ने, पण वळायला जागा नाहीये, लक्षात ठेव."

मग वरून त्या रुमालवाल्याचा आवाज घुमला, "ओ शेठ, माय वर येऊन ऱ्हायली ना? येऊ द्या की! चला रे, मागे घ्या, रिव्हर्स, रिव्हर्स!" कुणीतरी मालाची गाडी मागे घेताना वाजतो तसा टूं-टूं आवाज काढला. सगळे हसले, आणि ती सगळी वरात एकेक पायरी उलटी वर सरकायला लागली. अभिजीत सगळ्यात शेवटी, आईकडे तोंड करून, पाय चाचपत. त्याच्या हातात फोन वाजत होता. उचलायची सोय नव्हती.

अशा मंगलाबाई नगारखान्यात पोचल्या.

खोली केवढी? त्यांच्या स्वयंपाकघराएवढी. भिंतींवर बदाम आणि नावं कोरलेली. कोपऱ्यात वेफर्सची पाकिटं. जमिनीत मोठे गोल खळगे, नगारे बसवायचे. खळग्यांविषयी त्यांना कुणीच कधी सांगितलं नव्हतं. मधली खिडकी त्या भरजरी जोडप्याने अडवली होती.

"बाजूला व्हा," मंगलाबाई म्हणाल्या.

"आंटीजी, एक शॉट..."

"बाजूला."

जोडपं बाजूला झालं. मंगलाबाईंनी खिडकीच्या दगडावर दोन्ही हात टेकले आणि बाहेर पाहिलं. सागाचं रान. त्यापलीकडे धुरकट उजेड आणि पत्र्याच्या शेड. समुद्र नाही, दीपस्तंभ नाही, म्हैस तर नाहीच.

"नदी कुठाय?"

"कसली नदी?" अभिजीतने विचारलं.

"वळण! नदीचं वळण!"

"इथून नदी कधी दिसते, आई? मध्ये डोंगर आहे."

मंगलाबाईंना असा संताप आला की काठी तिथेच आपटावीशी वाटली. किती वर्षं, किती वर्ग, फळ्यावर निळ्या खडूने काढलेली ती नदी! आणि खरं काय ते बोलला होता एकटा नवरा. काही नाही ग, नुसता वारा.

मग त्यांनी खाली पाहिलं.

खिडकीच्या बरोबर खाली चौथरा होता. दुसरं काहीच इतकं स्पष्ट दिसत नव्हतं. तो गुळगुळीत दगड, त्याच्याभोवती पिशव्यांचं रिंगण आणि मधली रिकामी जागा, त्यांची. म्हणजे वर आलेल्या प्रत्येकाला पहिल्यांदा दिसली असणार ती खाली बसलेली बाई. नारायणरावांनाही दिसली असेल, नव्या चुड्यातली, सासूला पदराने वारा घालणारी. आणि हे सांगायचं सोडून गृहस्थ वाऱ्याचं सांगत बसले!

"माकडं!" अमृता किंचाळली.

ते थोराड माकड खाली उतरलं होतं, आणि एकटं नव्हतं. चिकूंची पिशवी फाटली, ठेपले हवेत उडाले, एक पिल्लू केतकीची पर्स गळ्यात अडकवून बुरुजाकडे निघालं होतं. नगारखान्यात एकच पळापळ झाली. केतकी, अमृता, रुमालवाला, घागरा आवरत नवरी, सगळे त्या अरुंद जिन्यात घुसले. अभिजीत दाराशी थबकला.

"आई, चल!"

"तू हो पुढे."

पायांचे आवाज खाली गेले. खोलीत मंगलाबाई एकट्या राहिल्या. वारा होता, तो मात्र खरोखर चांगला होता. पाचही खिडक्यांतून येऊन घामेजल्या मानेला लागत होता. खळग्याच्या काठावर त्या पाय लांब करून टेकल्या आणि दुखणारा गुडघा चोळू लागल्या. खाली आरडाओरड चालली होती.

बऱ्याच वेळाने त्या परत खिडकीशी गेल्या. चौथऱ्यावर अभिजीत बसला होता, मांडीवर फाटकी पिशवी, भोवती उरलेलं सामान गोळा केलेलं. बाकीचे पर्ससाठी बुरुजाखाली उभे होते. त्याने वर पाहिलं. चेहरा रागाने लाल झाला होता.

"आई, येतेस का आता खाली?"

मंगलाबाईंनी हात हलवला.

"येते रे. पाचच मिनिटं. लक्ष ठेव पिशव्यांवर."