मिटलेले डोळे फक्त मला दिसले

ते साल एकोणीसशे अठ्ठावन्न. त्या वर्षी माझी मान जी खाली गेली, ती आजवर वर झालेली नाही. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, आरशाला कुठली आली मान? खरे आहे. मी एक जुना आरसा आहे, तीन भागांचा. मधला भाग उंच आणि दोन्ही बाजूंना दोन अरुंद पंख, बिजागरीवर उघडणारे आणि मिटणारे. आता माझ्या पाठीचा पारा जागोजागी उडाला आहे. त्या वर्षी मात्र माझ्यात पाहणाऱ्याला आपल्या पापणीचा केस न् केस दिसत असे.

काचेला घासून, धुऊन तिच्या पाठीला पारा चढवला, तेव्हा मी जन्मलो. पारा चढवणाऱ्या कारागिराने मला उजेडाकडे धरले, माझ्यात आपले किडके दात पाहिले आणि शेजारच्याला म्हणाला, "हा काही कुणाची भीडभाड ठेवणार नाही." हे शब्द मी फार मिरवले. माझी पहिली नोकरी एका शिंपीणबाईच्या दुकानात होती. बायका नवे कपडे घालून माझ्यासमोर उभ्या राहत, वळून विचारत, "मागून कशी दिसते?" शिंपीणबाई म्हणत, "झकास!" मी मात्र पाठीवरची चुकलेली शिवण आणि झग्याखालून डोकावणारे अस्तर जसेच्या तसे दाखवी. बायका शिंपीणबाईवर नाही, माझ्यावर विश्वास ठेवत. एवढा मान मिळाल्यावर कोण चढून जाणार नाही?

दुकान बंद झाले तेव्हा मला मास्तरांनी घरी नेले. मास्तर कुठल्याच शाळेत शिकवत नव्हते. त्यांच्या हातात सदा पत्त्यांचा कॅट असे आणि ते हातचलाखीचे खेळ करत, म्हणून लोक त्यांना मास्तर म्हणत. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत खिडकीला लागून टेबल, टेबलावर हिरवी घोंगडी, आणि टेबलासमोर मी. माझे पंख उघडत ते म्हणाले, "समोरच्याला फसवणं सोपं असतं. कडेला बसलेला माणूस खरा वैरी. म्हणून मला तीन बाजू दाखवणारा हवा."

पण मी आलो तोवर मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता. माझ्यात त्यांना स्वतःचा चेहरा धुरातून पाहिल्यासारखा दिसे. मला खरे बघणारी होती त्यांची मुलगी. घरात तिला चिमणी म्हणत. चोविशी उलटली तरी चिमणीच. ती टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी करी. ज्या गावचे पत्र त्या गावच्या खणात, दिवसभर. घरी आली तरी उजव्या अंगठ्यावरची रबरी टोपी काढायची विसरे. तिसरी होती आत्या, मास्तरांची थोरली बहीण. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून लोकर विणायची आणि कुणालाही काहीही बोलायची.

शहरात जादूगारांचे एक मंडळ होते. वर्षातून एकदा नाट्यगृहात त्यांचा मोठा कार्यक्रम होई. कबुतरे, करवती, पेट्या सगळे होऊन गेले की शेवटी एक टेबल, एक माणूस आणि एक कॅट. तो शेवटचा प्रयोग मास्तरांचा. त्या वर्षी मंडळाचे अध्यक्ष घरी आले आणि चहाचा कप हातात फिरवत म्हणाले, "मास्तर, यंदा तुम्ही पाहुणे म्हणून या. अगदी पहिल्या रांगेत बसा."

"म्हणजे माझा पत्ता कट?"

"तसं नव्हे हो. पण तुमचे डोळे..."

"डोळे गेलेत, खेळ गेलेला नाही. शेवटचा प्रयोग माझी मुलगी करील."

चिमणी बिस्किटांची बशी घेऊन दारात उभी होती.

"बाईमाणूस?" अध्यक्ष म्हणाले. "आपल्या मंडळात आजवर कधी..."

"करवतीखाली झोपायला बाईमाणूस चालतं ना तुम्हाला?" आत्याने सुया न थांबवता विचारले.

अध्यक्षांनी चहा संपवला. "बरं. एकदा करू दे. पण फसलं, तर ती जागा पुन्हा मागायची नाही, मास्तर."

त्या दिवसापासून घरात एकच गोष्ट उरली. ती जागा राहिली तर मास्तरांचा खेळ राहणार होता. नाहीतर तो त्यांच्या बोटांबरोबरच संपणार होता.

चिमणीला पत्ते पिसणे, पंख्यासारखे पसरणे, तळहातात पत्ता लपवणे, हे सारे लहानपणापासून येत होते. अडत होते ते एकाच ठिकाणी. प्रेक्षकाने निवडलेला पत्ता कॅटच्या मधोमध घालायचा, करंगळीच्या टोकाने तिथे केसाएवढी फट धरून ठेवायची, आणि मग बघणाऱ्याच्या नाकासमोर खालची थप्पी वर आणि वरची खाली. निवडलेला पत्ता आपोआप सगळ्यांत वर येतो. मास्तर याला "कूस बदलणं" म्हणत. झोपलेले मूल कूस बदलते तसे. आवाज नाही, जाग नाही.

मास्तरांना दिसत नव्हते, म्हणून ते कानाने शिकवत. डोके तिरके करून बसत. जरा कुठे खस् झाले की म्हणत, "उठलं पोर! पुन्हा थोपट." कितीदा पोर उठले! पत्ते घोंगडीवर सांडत, आत्याच्या लोकरीच्या टोपलीत जात. चिमणी ओठ चावून पुन्हा सुरू करी.

खेळाचे बोलणेही तिने बदलले. मास्तर राजा आणि प्रधानाची गोष्ट सांगत. ती एक दिवस म्हणाली, "बाबा, मी पत्राची गोष्ट सांगू? आमच्याकडे रोज येतात तशी. पत्र कुठल्या तरी भलत्याच खणात पडतं, गठ्ठ्यात बुडून जातं, तरी शेवटी घरी पोचतं. पत्ता चुकला तरी पत्ता सापडतो."

मास्तर आधी रुसले. राजा त्यांच्या वडिलांपासूनचा होता. मग एकदम हसायलाच लागले. "पत्त्यालाच पत्ता! अगं, जन्म पत्त्यांत गेला, पण हे मला सुचलं नाही."

आणि एका दुपारी आवाज नाहीसा झाला. मास्तरांनी आत्याला खाली पाठवून सायकलवाल्याची ठोकाठोक थांबवायला लावली, पुन्हा ऐकले, आणि म्हणाले, "जमलं!"

मित्रांनो, इथून पुढचे सांगताना मला अजून घाम फुटतो. आवाज होऊ नये म्हणून चिमणी त्या क्षणी जीव मुठीत धरी, श्वास रोखी, आणि तिचे डोळे मिटत. अगदी पळभर. शिंकताना मिटतात तसे, तिला कळायच्या आत. आणि नेमक्या त्याच पळात माझ्या डाव्या पंखात खालच्या थप्पीची कड वर सरकताना दिसे. झग्याखालून अस्तर डोकावावे, तशी. डोळे उघडेपर्यंत सारे जागच्या जागी असे. ती मला विचारल्यासारखी बघे, दिसलं का? आणि मी तिला तिचाच खुललेला चेहरा दाखवी.

दुसरे काय दाखवणार? उघड्या डोळ्यांना दाखवणे एवढेच मला येते. स्वतःचे मिटलेले डोळे आरशात आजवर कुणी पाहिलेले नाहीत. चिमणीचे मिटलेले डोळे फक्त मला दिसले, रोज, पुन्हा पुन्हा. आणि ती मात्र माझ्यावर भरवसा ठेवून मास्तरांना सांगे, "बाबा, तिन्ही बाजूंनी स्वच्छ आहे."

आत्या कधी तोंड उघडी, तर चिमणी म्हणे, "आत्या, मध्ये बोलू नकोस गं. लक्ष जातं."

"मी कुठे बोलते बाई! हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, आणि ही हातातल्या पत्त्यांना तीन-तीन आरसे लावून बसलीय. घरात मी चौथी, फुटकी!"

कार्यक्रमाच्या दिवशी मला दुलईत गुंडाळून हातगाडीवरून नाट्यगृहात नेले. चिमणीला केस सारखे करायला हवा म्हणून मला रंगमंचाच्या कडेला पडद्याआड उभे केले. शेजारी खुर्चीवर मास्तर, इस्त्रीचा कोट घालून, डोके तिरके करून. तिथून मला चिमणीची पाठ दिसत होती आणि तिच्यापलीकडे पहिल्या रांगेतले चेहरे.

तिने गोष्ट फार छान सांगितली. लोक मान डोलावत होते. समोरच्या एका बाईंनी बदाम राणी निवडली. चिमणी म्हणाली, "हे पत्र आता हरवलं," आणि राणी कॅटमध्ये घातली. मग पळभर ती थांबली. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, तरी डोळे मिटले आहेत हे मला कळले.

"अहो, खालचे पत्ते वर घेतले!" डाव्या कडेच्या खुर्चीतला माणूस ओरडला. "मी बघितलं ना!"

चिमणी हसली. तिला वाटले, तो उगाच चेष्टा करतो आहे. ती म्हणाली, "नीट बघा हं, पुन्हा करते." आणि तिने पुन्हा केले, तसेच.

या वेळी पाच-सहा जणांना दिसले. आधी एकजण हसला, मग रांगच्या रांग. कुणीतरी म्हणाले, "पत्र उघडून वाचलं हो पोस्टातल्या बाईंनी!" चिमणी हातातल्या कॅटकडे बघत राहिली. आपण काय चुकलो तेच तिला कळत नव्हते. अध्यक्षांनी पडदा ओढायला सांगितला.

मास्तर विचारत होते, "टाळ्या का नाहीत? काय झालं? आवाज तर झाला नाही. मी नीट ऐकत होतो."

"नाही झाला, बाबा," चिमणी म्हणाली. "आवाज नाही झाला."

घरी आल्यावर तिने माझे दोन्ही पंख मिटले आणि वर दुलई टाकली. ज्याचा धंदाच लोकांना तोंड दाखवण्याचा, त्याला तोंड दाखवायला जागा उरली नाही. दुलईखालच्या अंधारात मी तो कारागिराचा शब्द आठवी आणि शरमेने आणखी काळा होई. खोटे मी कधी बोललो नव्हतो. पण ज्याचे खरे ऐन वेळी पोचत नाही, त्याने खरेपणाचा तोरा कशाला मिरवावा?

चिमणी पत्त्यांना हात लावेना. मास्तर म्हणत, "चूक माझी. मी जुना झालो, माझे कानही गेले असतील." मग एका संध्याकाळी मी आत्याचा आवाज ऐकला. तिच्या परीने ती चिमणीचे सांत्वन करत होती.

"असं होतं गं घाबरल्यावर. त्या वेळी तू डोळे मिटायला विसरलीस का?"

"कसले डोळे?"

"कूस बदलताना मिटतेस ते. रोज तर मिटतेस."

मग चिमणी म्हणाली, "आत्या, मी डोळे मिटते?"

"म्हणजे काय! मला वाटलं तसंच असतं ते. झोपेत कूस बदलायची तर डोळे मिटूनच की!"

"अगं, मग सांगायचंस ना!"

"मी काय सांगणार, कपाळ? तोंड उघडलं की तुझं लक्ष जायचं!"

एकदम दुलई सरकली, पंख उघडले, खोलीभर उजेड झाला. मला वाटले, आता माझे दिवस फिरले. पण चिमणीने आत्याची खुर्ची उचलून टेबलासमोर आणली, नेमकी माझ्या पुढ्यात. म्हणाली, "इथे बस. माझ्या हातांकडे नाही, तोंडाकडे बघ. डोळे मिटले की सुई आपट." त्यानंतर कितीतरी महिने मला दिसला तो आत्याचा अंबाडा. त्याच्या दोन्ही बाजूंनी चिमणीच्या कोपरांचे तुकडे. आणि सुईचा टक् टक् आवाज, पुढे पुढे विरळ होत गेलेला. डोळे उघडे राहू लागले, तशी थप्पीची ती सरकणारी कड चिमणीला स्वतःलाच दिसली आणि तिने ती झाकली. सारे आयुष्य ज्या जागेचा मी मालक होतो, तिथे लोकर विणणारी एक म्हातारी बसली आणि मला जे जमले नाही ते तिने केले.

पुढे मास्तरांच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाली त्या दिवशी ते घोंगडीसमोर बसले आणि म्हणाले, "कर." चिमणीने पत्राची गोष्ट सांगितली. मास्तरांनी बदाम राणीच निवडली. चिमणी डोळे उघडे ठेवून त्यांच्याकडे बघत बोलत राहिली आणि राणी सगळ्यांत वर आली. मास्तर एका डोळ्याने कॅटकडे बघतच राहिले. आयुष्यभर त्यांनी केलेली आणि शिकवलेली ती चाल होती.

"कूस कधी बदललीस?" त्यांनी विचारले.

आत्याची सुई थांबली. चिमणीने राणी उचलून त्यांच्या हातात ठेवली. मास्तरांचा तो उघडा डोळा पाण्याने भरला, आणि खोलीतल्या सगळ्यांनी तिकडे बघायचे टाळले. मी मात्र बघितले. मला टाळता येत नाही.

पुढे कुणाचे काय झाले, तेही सांगायला हवे. शेवटच्या प्रयोगाची जागा त्या घराला परत मिळाली नाही. अध्यक्षांनी काही वर्षांनी चिमणीला बोलावले, पण मध्ये कुठेतरी, कबुतरांच्या आधी. ती गेली. दरवर्षी जात राहिली. कडेच्या खुर्चीतल्या माणसाचे पुढे काय झाले, कुणाला ठाऊक नाही. त्याने खरे तेच सांगितले होते. अध्यक्षांचे मंडळ त्यांच्यामागे मोडले. मास्तर गेले तेव्हा त्यांच्या कोटाच्या खिशात बदाम राणी होती. आत्या त्यांच्याही नंतर बरीच वर्षे जगली आणि शेवटपर्यंत "मला पत्त्यांतलं काय कळतं!" असेच म्हणत राहिली. चिमणी टपाल कचेरीतून निवृत्त झाली. तिचे केस पिकले आहेत. ती शेजारच्या मुलांना कूस बदलायला शिकवते, तेव्हा आधी एक खुर्ची मांडते आणि त्यांतल्याच एकाला तिच्यावर बसवते.

मला तिने टाकले नाही. सकाळी ती माझ्यासमोर केस विंचरते. मित्रांनो, घरातल्या आरशावर धूळ बसू देऊ नका, ओल्या भिंतीला त्याला टेकवू नका. पण त्याच्यात बघताना मागे खुर्चीत कुणी बसलेले असेल आणि काही सांगू पाहत असेल, तर त्याला गप्प करू नका. तुमचे मिटलेले डोळे त्यालाही दिसतात, आणि त्याला बोलता येते.

कधी कधी केस बांधून झाले की चिमणी एक डोळा मिटून माझ्याकडे बघते, मग दुसरा. मग हसते आणि दोन्ही मिटते. तेवढा वेळ मी तिच्यासमोर असतो, आणि त्या मिटलेल्या डोळ्यांपुढे मला अजून लाज वाटते.