‘बांध’मधला फुकट डाव

“पोरी, खेळात फुकट डाव ठेवू नको. जिंकून काही मिळालं की सरकार त्याला जुगार म्हनतं,” शेजारच्या आप्पासाहेबांनी यशोधराला बजावलं होतं. आयुष्य कचेरीत कारकुनी करण्यात गेलेला माणूस. यशोधराने हसून सोडून दिलं. कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली ती. खेळ कसा लिहायचा हे आप्पांनी शिकवायचं?

भिंगारच्या बाजारात पुष्पावतीकाकूंचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. सगळे खेळ परदेशी, फक्त ‘बांध’ इथला, यशोधराने बाळाला मांडीवर घेऊन लिहिलेला. वरून पाण्याचा लोंढा येणार, आपण दगड रचून तो अडवायचा. तीन बांध भरले की एक डाव फुकट. त्या डावासाठी पोरं रांग लावायची.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात जुगाराचे खेळ बंद करण्याचा सरकारी आदेश निघाला, दुकानाला सील लागलं. पंचनाम्यात नाव एकट्या ‘बांध’चं. “लोक जुगारवाली म्हनत्यात मला,” एवढं बोलून काकू श्रीरामपूरला बहिणीकडे निघून गेल्या.

यशोधराला अन्न गोड लागेना. चूक आपली आणि पोट काकूंचं! घरच्या कॉम्प्युटरवर बसून तिने फुकट डाव काढून टाकला. मग दीड वर्षांचा सम्राट कडेवर आणि फ्लॉपी पर्समध्ये, अशी थेट सील लावणाऱ्या साहेबांच्या कचेरीत.

“साहेब, स्वतः खेळून बघा. आता जिंकून काहीच मिळत नाही.”

तिने फ्लॉपी कचेरीतल्या कॉम्प्युटरमध्ये घातली, साहेबांनी नाखुशीनेच कळ दाबली. पहिला बांध वाहून गेला. दुसराही. सगळी कचेरी मागे गोळा झाली.

“साहेब, डावीकडं टाका दगड, डावीकडं!”

“तू गप रे!”

यशोधराचा एक डोळा पडद्यावर, दुसरा सम्राटवर. त्याचा हात शिक्क्याच्या शाईकडे चालला होता. तेवढ्यात तिसरा बांधही फुटला.

“एखादा फुकट डाव न्हाई का, बाई?” शिपायाने विचारलं.

“होता. तुमच्याच आदेशाने काढला.”

साहेबांना हसू आवरेना. फुकट डाव पुन्हा ठेवणार नाही, असं तिच्याकडून लेखी घेतलं आणि चौथ्या दिवशी सील निघालं. हा खेळ चालणार, यशोधराला आता शंका नव्हती. पण काकूंना धाडलेल्या दोन पत्रांना उत्तर नाही आणि सम्राटला गोवर निघालेला. त्याला सोडून ती जाणार कशी?

तुमच्यापैकी कुणी श्रीरामपूरला जाणार असेल, तर स्टेशनमागे पिठाच्या गिरणीशेजारी त्यांच्या बहिणीचं, कडूबाईंचं घर विचारा. पुष्पावतीकाकू तिथेच असतील. सील निघालंय, दुकानाची किल्ली यशोधराकडे आहे, हे सांगाच. पण आधी जरा बघा, दोन घास नीट जेवतायत ना.