तलावकाठचं कोवळं गवत

आंधळगावच्या पलीकडे आमचं गाव. गावात कोण कोणाशी बोलत नाही याचा हिशेब तोंडपाठ असलेली माणसं पुष्कळ. त्यांतला मी एक. केवळराम आणि कौशल्याबाई या नवरा-बायकोचं खातं दोन वर्षांपासून बंद होतं. त्यांची एकुलती लेक चंद्रकला माहेरी बाळंतपणाला आली आणि त्यातच गेली. तिला भंडाऱ्याच्या दवाखान्यात न्यायचं सोडून घरीच कोणी ठेवलं, हे दोघांनीही कधी तोंडाबाहेर काढलं नाही. पुढे तर दुसरंही काही काढेनासे झाले.

बोलणं व्हायचं ते लेकीनं पाळलेल्या वगारीमार्फत. "काजळ, जेवण वाढलं म्हणून सांग." "काजळ, मले भूक नाही म्हण." म्हशीचं ते पोर कान हलवायचं आणि आम्ही कुंपणापलीकडून हसायचो. पण वगार होती म्हणून त्या घरात माणसाचा आवाज होता, हेही तेवढंच खरं.

लाड मात्र दोघांचेही. केवळराम रोज तलावात गुडघाभर पाण्यात उतरून काठचं कोवळं गवत कापून आणायचा. बांधावरचं राठ गवत काजळच्या तोंडाला लागू द्यायचा नाही. कौशल्याबाई ते निवडून हातानं भरवायची. पावसाळा सरता सरता वगारीच्या गळ्याखाली थैलीसारखं काही लोंबू लागलं. "अंग धरलं पोरीनं," म्हणत कौशल्याबाईनं त्यावर मण्यांची माळ बांधली. आम्हीही म्हणालो, नजर काढत जा हो.

सत्याहत्तर साली बुळकांडी आली. लस गावातल्या साऱ्या ढोरांना टोचलेली होती. बाकीची तगली. काजळचं तोंड आलं, हगवण लागली आणि आठवड्याच्या आत ती गेली.

ढोरांच्या डॉक्टरांनी तिला चिरून पाहिलं. यकृतातून पानासारखे चपटे जंत निघाले.

"हे तलावातल्या गोगलगाईंतून गवतावर येतात," डॉक्टर म्हणाले. "गळ्याखालची सूज यांचीच. जंतांनी अंग पोखरलं की टोचलेली लस लागू पडत नाही, असं होतं. मग बुळकांडीच्या विषाणूला मोकळं रान."

यादोराव म्हणजे गावचा टवाळ. तो म्हणाला, "मंग साहेब, या जंताच्या पोटात बी विषाणू राहत असन का?"

"असतीलही. तिथं अजून कोणी नीट डोकावलेलं नाही."

"म्हणजे भाडेकरूच्या घरात पोटभाडेकरू!"

लोक हसले. डॉक्टरांनी विचारलं, "हिला तलावकाठचं गवत कोण घालत होतं?"

गावाला माहीत होतं. माना केवळरामकडे वळणार, तोच कौशल्याबाई म्हणाली, "मी."

"खोटी कायले बोलून राहिली?" केवळराम म्हणाला. दोन वर्षांनी तो थेट तिच्याशी बोलत होता. "गवत मी आणत होतो."

"आणत असान तुमी. भरवत मी होती."

"आणलंच नसतं तं भरवलं असतं काय?"

"तिनं तोंड फिरवलं तं जबडा उघडून भरवलं मी."

"घ्या!" यादोराव म्हणाला. "वाटणीवरून भांडणारे लय पाहिले. दोष माझा, माझा म्हणून भांडणारे आजच पाहून राहिलो."

पुन्हा हसू फुटलं.

"मीच मारलं, झालं?" केवळराम ओरडला. "सारं माझ्यावर लाव. पोरीचं बी लाव. जुपलेले बैल मीच सोडले त्या दिवशी."



"मी सोडा म्हणली म्हणून सोडले," कौशल्याबाई म्हणाली. "गाडीत हाल होतीन पोरीचे, घरीच होऊ द्या, असं मी म्हणली. तुमी तं दोनदा म्हणलं, नेऊ म्हणून."

"एकदाच म्हणलो." केवळराम म्हणाला. "दुसऱ्यांदा म्हणायले पाहिजे होतं."

"दोनदा म्हणलं. मी ऐकलं होतं. नाही ऐकल्यावानी केलं."

केवळराम होता तिथंच मातीत बसला. डॉक्टर वगार पुरायला चुना आणा म्हणत होते. आमच्यातलं कोणी हललं नाही.